तिथी नसलेला मुक्काम

'अतिथी' या शब्दाची परंपरेने सांगितली जाणारी फोड सर्वपरिचित आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही, तो अतिथी. भाषेचे अभ्यासक हा शब्द भटकणे या अर्थाच्या 'अत्' धातूशी जोडतात, आणि मग तिथीची फोड ही लोकव्युत्पत्ती ठरते. तथापि लोकव्युत्पत्तीलाही तिचे म्हणून एक सत्य असते. एखाद्या शब्दात समाजाला काय ऐकावेसे वाटले, हे तिच्यातून कळते. या फोडीप्रमाणे पाहिले तर आमंत्रणावरून आलेला, पत्राने दिवस कळवून आलेला माणूस पाहुणा असेल, सोयरा असेल, अतिथी नव्हे. ज्याच्यासाठी तांदूळ वैरलेले नाहीत, ज्याचे अंथरूण घातलेले नाही आणि ज्याचे नावही घराला ठाऊक नाही, तो अतिथी. आतिथ्याची खरी परीक्षा पहिल्याच्या बाबतीत होत नाही. ती दुसऱ्याच्या बाबतीत होते.

मराठीने या अनुभवासाठी आणखी एक सूचक शब्द घडविला आहे. माणूस घाट उतरतो, गाडीतून उतरतो आणि परगावी गेला की कोणाकडे तरी 'उतरतो'. 'आपण कोठे उतरलात?' या प्रश्नाचा अर्थ 'मुक्काम कोठे केलात?' असाच असतो. आगगाडीच्या प्रवाशाला मराठीने 'उतारू' म्हटले. घाट चढणाऱ्या गाडीत बसलेला माणूसही उतारूच असतो, हे वरवर विनोदी वाटले तरी त्यात एक दृष्टी आहे. प्रवाशाची ओळख त्याच्या गतीवरून न करता तो जेथे थांबेल त्या क्षणावरून करावी, असे या भाषेला वाटले. प्रवास म्हणजे जाणे हे खरेच. पण जाणाऱ्याला कोठेतरी टेकावे लागते, आणि तेथे त्याचे काय होते यावर त्या वाटेची माणुसकी ठरते.

या दोन शब्दांचा अर्थ ज्या भूमीवर एकत्र उलगडतो, अशी एक भूमी म्हणजे मावळ. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ अशा तीन खोऱ्यांचा हा प्रदेश कोकण आणि देश यांच्या सांध्यावर आहे. बंदराकडून येणारी वाट बोरघाटाने वर चढते आणि खंडाळा-लोणावळ्याच्या माथ्यावर येऊन श्वास घेते. लोणावळ्याची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून थोडी अधिक आहे, आणि येथे वर्षाकाठी पडणारा पाऊस चार हजार मिलिमीटरांच्या घरात जातो. चढ आणि पाऊस हे दोघेही प्रवाशाचे वेळापत्रक मानीत नाहीत. खोपोलीहून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी खंडाळ्यात असेल, एवढेच त्याला सांगता येत असे. पुढचे आभाळाच्या हाती. या वाटेवर ठरवून केलेल्या मुक्कामांपेक्षा न ठरविता पडलेले मुक्कामच अधिक असावेत, असे म्हणावयास हरकत नाही.

या प्रदेशातील सर्वांत जुना वास्तुविचार मुक्कामाशी आणि पावसाशी निगडित आहे, ही गोष्ट म्हणूनच लक्षात घ्यावयास हवी. भाजे, बेडसे आणि कार्ले येथील लेणी ही आज पाहण्याची स्थळे झाली आहेत. कोरली गेली तेव्हा ती राहण्याची स्थळे होती. भिक्षूने आठ महिने चालत राहावे आणि पावसाळ्यात एके ठिकाणी स्थिर व्हावे, हा वर्षावासाचा नियम. चालणाऱ्या धर्माला पावसाने घातलेली ती मर्यादा होती, आणि त्या मर्यादेतून ही पाषाणगृहे उभी राहिली. कार्ल्याच्या शिलालेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव वलुरक येथील लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी दिल्याची नोंद आहे. वलुरक हे कार्ले लेण्यांचे तेव्हाचे नाव. हे दान एका व्यक्तीला नाही. चारी दिशांच्या संघाला, तेथे वर्षावास करणाऱ्या सर्वांना उद्देशून ते आहे. त्याच लेण्यातील एका सातवाहन आज्ञालेखात 'मामाल' येथील अमात्याचा उल्लेख येतो, आणि आजच्या 'मावळ' या नावाचा उगम अभ्यासक त्या मामालात पाहतात. म्हणजे या प्रदेशाचे नाव लेखांत दिसू लागते तेच मुक्कामाच्या व्यवस्थेच्या संदर्भात.

'चारी दिशांचा संघ' ही कल्पना थोडी थांबून पाहण्याजोगी आहे. बौद्ध परंपरेत विहाराचे दान करताना ते आलेल्या आणि अद्याप न आलेल्या अशा दोघांच्याही नावे केले जाई. जो अजून निघालेलाही नाही, ज्याचा चेहरा दात्याने पाहिलेला नाही आणि पाहण्याची शक्यताही नाही, त्याचा हक्क आधीच मान्य करून ठेवलेला. घर बांधणारा सहसा आपल्या वंशजांसाठी बांधतो. हे घर अनोळखी माणसासाठी होते. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे स्तंभ ज्यांच्या दानातून उभे राहिले त्यांत धेनुकाकटाचे यवन आहेत, सोपाऱ्याचा भिक्षू आहे. आणि ज्या श्रेष्ठीच्या नावे हे शैलगृह पूर्ण झाल्याचा लेख आहे तो भूतपाल दूरच्या वैजयंतीचा, म्हणजे बनवासीचा. देणारे जसे चारी दिशांचे, तसे घेणारेही. अर्थात ही व्यवस्था प्रव्रजितांची होती. बैलावर माल लादून जाणाऱ्या व्यापाऱ्याला वा पोटासाठी घाट चढणाऱ्या मजुराला ती जशीच्या तशी लागू होती, असे म्हणता येणार नाही. परंतु उषवदाताच्याच नाशिक येथील लेखात भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी त्याने चौसोपी निवासगृहे बांधल्याचे आणि नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केल्याचे नमूद आहे. तेथे 'प्रतिश्रय' हा शब्द आला आहे. भिक्षूचा विहार आणि वाटसरूची धर्मशाळा या दोन्ही एकाच दातृत्वाच्या फांद्या होत्या, एवढे त्यावरून निश्चितपणे दिसते.

पावसाने अडविलेल्या प्रवाशाची अशीच एक परंपरा जपानमध्ये दिसते, आणि तिच्याशी तुलना केल्यास मावळातील अनुभवाचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. एदो म्हणजे आजचे तोक्यो. तेथून क्योतोपर्यंत जाणाऱ्या तोकाइदो मार्गावर त्रेपन्न टप्पे होते आणि प्रत्येक टप्प्यावर पांथशाळा होत्या. सरदारांसाठी होन्जिन, सामान्यांसाठी हातागो, आणि अगदी गरिबांसाठी जेथे केवळ सरपणाचा खर्च देऊन आपले अन्न आपण शिजवावे अशी किचिन-यादो. या मार्गावरील ओइ नदीवर तोकुगावा राजवटीने पूल बांधू दिला नव्हता. हमालांच्या खांद्यावर बसून ती पार करावी लागे. पूर आला की दोन्ही काठांवरील शिमादा आणि कानाया या गावांत प्रवासी दिवस दिवस अडकून पडत. या अडकण्याला तेथे 'कावादोमे' असा स्वतंत्र शब्दच होता. बाशो हा कवी १६८९ साली उत्तरेकडील प्रवासाला निघाला असता वादळामुळे त्याला डोंगरातील एका सीमारक्षकाच्या घरी तीन दिवस राहावे लागले. ते घर गैरसोयीचे होते; तरीही त्या प्रवासाच्या वृत्तांतात त्या मुक्कामाला स्थान मिळाले. ठरलेल्या मुक्कामात माणूस विश्रांती घेतो. न ठरलेल्या मुक्कामात त्याला आसपास पाहावेच लागते.

पारंपरिक जपानी पांथशाळेला र्‍योकान म्हणतात. तेथे प्रवाशाने पादत्राणे दाराशी ठेवावयाची, चटईच्या खोलीत जावयाचे, आणि खोलीतील मानाचे आसन जे तोकोनोमा नावाच्या कोनाड्यासमोर असते ते पाहुण्याला द्यावयाचे, असा रिवाज आहे. प्रभाकर पाध्ये यांनी आपल्या जपानविषयक प्रवासवर्णनाला याच कोनाड्याचे नाव दिले, ते मराठी वाचकाच्या स्मरणात असेल. या कोनाड्यात एक चित्रपट्टी आणि ऋतूप्रमाणे एखादे फूल, एवढेच असते. पण त्यात एक सामाजिक सूचना दडलेली आहे. पैसे देऊन उतरलेल्या अनोळखी माणसाला तेथे घराच्या सर्वांत आतल्या, सर्वांत सुंदर जागेसमोर बसविले जाते. जपानी समाजातही उच्चनीचतेची उतरंड होती आणि नाक्यांवर प्रवासपरवाने तपासले जात. त्या समाजाला आदर्श मानण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की अनोळखी माणसाला घर आपल्या आत कोठवर येऊ देते.

या प्रश्नाचे मराठी उत्तर वास्तूच्या रचनेतच लिहिलेले आहे. अंगण, ओटा, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर हा केवळ खोल्यांचा क्रम नव्हे. ती एक श्रेणी आहे. कोणी अंगणात थांबावयाचे, कोणाला ओट्यावर बसू द्यावयाचे, कोणाला ओसरीवर पाट मांडावयाचा आणि कोणाला माजघरात न्यावयाचे, हे ठरलेले असे. ओसरी हा तर मराठी घराचा मोठाच उदार भाग. तिला बहुधा दार नसे. रात्री-अपरात्री आलेल्या वाटसरूने घरातील कोणालाही न उठविता तेथे पथारी टाकावी आणि पहाटे निघून जावे, असे गावोगाव घडत आले आहे. मराठीत 'भटाला दिली ओसरी' या म्हणीने त्या औदार्याची थट्टा केली, कारण ओसरीवरून माणूस हळूहळू आत सरकतो हे तिला ठाऊक होते. परंतु या म्हणीत ओसरी ज्याला मिळते तो कोण आहे, हेही सांगून टाकले आहे. ज्याला ओसरीही मिळत नाही, त्याच्याविषयी म्हण बोलत नाही.

मावळातील एखाद्या वाडीत आजही पुढीलसारखा प्रसंग घडू शकतो. राजमाचीच्या वाटेवर किंवा तुंग-तिकोन्याच्या पायथ्याशी एखादा शहरी माणूस पावसात चुकतो. धुके इतके दाट असते की दहा हातांवरची वाट दिसत नाही. अंधार पडता पडता त्याला धूर दिसतो, मग कौले दिसतात, मग दारात उभी असलेली म्हातारी. ती त्याला ओळखीत नाही. पण त्याच्या कपड्यांतून निथळणारे पाणी ती ओळखते.

"या, या आत. हा पाऊस काय आता उघडायचा न्हाई. कंच्या गावचं तुमी?"

"पुण्याचा, आजी."

"पुन्याचं ते झालं. मूळ गाव कंचं?"

तो गाव सांगतो. ती क्षणभर थांबते. चुलीवरचा हात तसाच राहतो. मग ती घोंगडी पुढे सारते. "बसा. च्या टाकते. भाकर खाशीला न्हवं?"

या संवादातील पहिला प्रश्न स्वागताचा आहे. वाट चुकलेल्याला घरचा पत्ता विचारणे हे आपुलकीचेच लक्षण. दुसऱ्या प्रश्नात मात्र एक जुनी सावली हलते. गावावरून घराणे, घराण्यावरून आडनाव आणि आडनावावरून जात, असा तो प्रश्न हळूहळू आत उतरत जातो. विचारणाऱ्याच्या मनात दरवेळी तसे काही असते असे नव्हे. पुष्कळदा तो ओळखीचा धागा शोधण्याचाच प्रयत्न असतो. 'मूळ गाव' कळले की परका माणूस परका राहत नाही. तथापि ज्याला आयुष्यभर या प्रश्नाच्या उत्तरानंतरची शांतता ऐकावी लागली, त्याला त्या क्षणभराच्या थांबण्याचा अर्थ वेगळा लागतो. येथे म्हातारीने भाकरी वाढली. ती कोणत्या ताटात वाढली, हे सांगितल्याशिवाय मात्र गोष्ट पूर्ण होत नाही, आणि मराठी साहित्याने ते बराच काळ सांगितले नाही.

गो. नी. दांडेकर यांनी मावळच्या माणसांना मराठी कादंबरीत आणले. तळेगाव दाभाडे येथे राहून त्यांनी हा प्रदेश पायाखाली घातला. 'माचीवरला बुधा' आणि 'पवनाकाठचा धोंडी' या कृतींतून येथील डोंगर, पाऊस आणि बोली वाचकाच्या परिचयाची झाली. 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या पुस्तकात नर्मदेच्या परिक्रमेतील अनोळखी दारे आहेत. निष्कांचन वाटसरूला अन्न आणि आसरा देणाऱ्या समाजाचे चित्र या परंपरेतील लेखनाने जिव्हाळ्याने रंगविले, आणि ते चित्र खोटे नाही. पण ते सर्वांच्या वाट्याला आलेले चित्रही नाही. त्याची दुसरी बाजू पाहावयाची तर मावळ सोडून काही काळ दुसऱ्या दोन वाटांवर जावे लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी लेखनात आपल्या आयुष्यातील अशाच काही न ठरलेल्या मुक्कामांची हकीकत लिहून ठेवली. ते लेखन पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले ते १९९० साली. त्यातील पहिला प्रसंग १९०१ चा. साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. येण्याची तिथी पत्राने कळविलेली होती. पण ते पत्र नोकराच्या चुकीने वडिलांपर्यंत पोहोचले नाही आणि ठरलेला प्रवास न ठरलेला झाला. मुले नीटनेटक्या कपड्यांत होती म्हणून स्थानकप्रमुखाने आधी आपुलकीने विचारपूस केली. ती महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटला. बैलगाड्या होत्या, गाडीवान तयार नव्हते. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर एक गाडीवान कबूल झाला. जवळ अन्न होते. पाणी मिळाले नाही म्हणून ते खाता आले नाही. जकात नाक्यावर त्यांनी रात्र काढली. आपण मुसलमान आहोत असे सांगूनही पाणी मिळाले नाही.

दुसरा प्रसंग बडोद्याचा. १९१७ साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन परतलेल्या तरुणाला बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हावयाचे होते, आणि राहावयास जागा नव्हती. हिंदू खाणावळीत प्रवेश मिळणार नाही हे ठाऊक असल्याने तो एका पारशी विश्रामगृहात गेला. तेथे केवळ पारशांनाच उतरण्याची परवानगी होती. व्यवस्थापकाला पैशांची गरज होती. पारशी नाव धारण करून राहावे, अशी तडजोड झाली. दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर अडगळीच्या सोबतीत, एकाकी. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी जिन्यावरून वर आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या घरची अडचण सांगितली. तो तरुण एका बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

या दोन प्रसंगांत सामान्य अर्थाने 'निवारा' नव्हता असे नाही. स्थानक होते, गाड्या होत्या, विश्रामगृहात रिकाम्या खोल्या होत्या. नव्हती ती केवळ एक गोष्ट: विचारण्याआधी उघडलेले दार. अतिथीच्या व्याख्येत त्याचे नाव-गाव अज्ञात असणे गृहीत आहे. ते विचारून मगच आत घेणारी जागा कितीही सुसज्ज असली तरी ती आतिथ्याची जागा राहत नाही. मसूरच्या स्थानकावरील मुले आणि बडोद्याच्या बागेतील तरुण यांच्या अनुभवाच्या प्रकाशात कार्ल्याचा 'चारी दिशांचा' लेख वाचला की त्या दोन शब्दांचे वजन ध्यानात येते. पुढे याच मावळाच्या वेशीवर, देहूरोड येथे, डॉ. आंबेडकरांच्या हस्ते २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना झाली. वर्षावासासाठी कोरलेली लेणी तेथून फार दूर नाहीत.

धर्मशाळा या संस्थेतील ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्रात एका अशा माणसाने केला, ज्याला स्वतःला घर नको होते. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरला अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी त्यांनी बांधलेल्या धर्मशाळेला चोखामेळ्याचे नाव दिले, आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. ज्या संताला देवळाच्या पायरीशी थांबावे लागले, त्याच्या नावाने आत घेणारी वास्तू उभारणे, यातील अर्थ कीर्तनाच्या भाषेपेक्षा दगडविटांच्या भाषेत अधिक ठामपणे व्यक्त झाला. त्यानंतर भारताच्या संविधानाने सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव यांच्या वापरातील भेदाला मनाई केली, आणि १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्यात धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे तिन्ही शब्द नावानिशी आले. कायद्याच्या कोरड्या कलमात हे तीन शब्द शेजारी शेजारी वाचताना त्यांच्यामागे उघड्यावर काढलेल्या किती रात्री उभ्या असतील, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

पुन्हा बोरघाटाकडे वळावयास हवे. कारण मुक्कामाचे स्वरूप बदलून टाकणारी घटना येथेच घडली. १८३० साली घाटातून गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. नंतर आगगाडी आली. पण ती एकदम घाट चढली नाही. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत पोहोचले, १८५८ मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी सुरू झाली, आणि मध्ये घाट तसाच राहिला. १८६३ च्या मे महिन्यात घाटातील मार्ग खुला होईपर्यंत सुमारे पाच वर्षे उतारू वर आणि खाली दोन्हीकडे गाडीतून उतरत, आणि मधला टप्पा पालखीने, तट्टावर किंवा पायी पार करीत. त्या पाच वर्षांत 'उतारू' हा शब्द अक्षरशः खरा होता. घाटातील बोगदे खोदणाऱ्या हजारो मजुरांचे मुक्काम मात्र डोंगरउतारावरच्या झोपड्यांत पडले. पटकीच्या साथींत त्यांतील कित्येक तेथेच राहिले. ज्यांनी वाट केली त्यांना वाटेवर आसरा नव्हता, ही गोष्ट एकेका बोगद्याचा क्रमांक वाचीत जाणाऱ्या प्रवाशाने आठवणीत ठेवावी अशी आहे.

गाडी घाट चढू लागली तेव्हा थांबण्याचे प्रमाण घटले. सदतिसास एक या चढणीसाठी कर्जतला जादा इंजिने जोडावी लागतात, तेवढाच सक्तीचा थांबा उरला. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि तेवढाही उरला नाही. लोणावळा हे वाटेवरचे गाव न राहता स्वतःच जाण्याचे ठिकाण झाले. पावसाशी असलेले नातेही उलटले. पूर्वी पाऊस प्रवास थांबवीत असे. आता पाऊस हेच प्रवासाचे निमित्त झाले आहे. भिक्षू पावसामुळे जेथे स्थिर होत, तेथे शहरे पावसासाठी धावत येतात. शनिवार-रविवारच्या खोल्या आठवडेआधी राखून ठेवल्या जातात, पैसे आधी भरले जातात, आणि दाराशी ओळखपत्राची प्रत घेतली जाते. येणाऱ्याची तिथी, नाव, वय, पत्ता सारे काही घराला आधीच ठाऊक असते. सोय म्हणून हे उत्तमच आहे, आणि जात न विचारता पैसे विचारणारी व्यवस्था ही मसूरच्या गाडीवानापेक्षा निःसंशय न्याय्य आहे. बडोद्याच्या त्या तरुणाला असे हॉटेल मिळते तर त्याचे आयुष्य निदान त्या बाबतीत सुसह्य झाले असते. बाजाराने उंबरठ्यावरचा जुना प्रश्न बाजूला सारला, हे त्याचे श्रेय मोकळेपणाने द्यावयास हवे.

परंतु बाजार त्या जागी नवा प्रश्न ठेवतो. ज्याच्याकडे राखलेली खोली नाही, हातात पैसे नाहीत किंवा कागद नाही, त्याचे काय? घाटात दरड कोसळते, वाहने तासन्‌तास उभी राहतात, गाड्या रद्द होतात, आणि अशा रात्री पुन्हा एकदा तिथी नसलेले लोक रस्त्यावर उभे राहतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री मुंबईतील असंख्य घरांनी पूर्णतः अनोळखी माणसांना जिन्यावर, दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात जागा दिली. कोणी आडनाव विचारल्याच्या आठवणी सांगितल्या जात नाहीत. चहा, कोरडे कपडे आणि दूरध्वनी एवढ्याच गोष्टींच्या आठवणी निघतात. संकट मोठे असले की प्रश्न गळून पडतो. लहान, रोजच्या, एकट्याच्या अडचणीत मात्र तो पुन्हा उगवतो, आणि आतिथ्याची परीक्षा त्या एकट्याच्याच बाबतीत असते. पुरात अडकलेल्या गर्दीला आसरा देणे तुलनेने सोपे; संध्याकाळी दाराशी आलेल्या एका ओल्या माणसाला, त्याचे मूळ गाव कळल्यानंतरही, आपल्याच ताटात वाढणे हे अवघड.

भाज्याच्या विहारांत खडकातच कोरलेले ओटे आहेत. एका माणसाला आडवे होता येईल एवढीच त्यांची रुंदी. कोठडी लहान, बाहेर सामाईक दालन, जवळच पाण्याची पोढी. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी हिशेब केला होता की चालून आलेल्या माणसाला एक सपाट जागा, डोक्यावर कोरडे छत आणि पिण्याचे पाणी एवढे पुरे. आज सूर्यास्तानंतर तेथे कोणाला थांबू दिले जात नाही, आणि वास्तूच्या जतनासाठी ते आवश्यकही आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहापुढे एकवीरेच्या दर्शनाला कोकणातून आलेली कोळी-आगरी कुटुंबे चैत्रात दाटी करतात. घाट चढून येण्याची जुनी रीत त्यांनी टिकविली आहे. पण मुक्कामाची ती पाषाणगृहे आता रिकामी असतात.

त्या कोठड्यांच्या चौकटी निरखून पाहिल्या तर दगडात खोबणी दिसतात. तेथे कधीकाळी लाकडी दारे बसविलेली होती. म्हणजे चारी दिशांसाठी कोरलेल्या घरालाही दारे होती. आतल्या माणसाला थंडी-वाऱ्यापासून आणि जनावरांपासून राखणे गरजेचे होते. दार असणे हा दोष नव्हे. दाराशी पहिला शब्द कोणता उच्चारला जातो, एवढाच प्रश्न आहे. 'कोण?' असा, की 'या' असा. मावळच्या त्या म्हातारीने 'या, या आत' हे आधी म्हटले आणि गाव नंतर विचारले. तिच्या थांबण्याचा अर्थ काहीही असो, शब्दांचा हा क्रम तिने सांभाळला. अतिथी या शब्दाला मराठीने जी तिथीची फोड दिली, तिचे सारे मर्म या क्रमात आहे.